कागद, खिळे आणि शाई : मुद्रणसामग्रीच्या पुरवठ्याचा एक अध्याय

तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी प्रेषित पौल आपला झगा, पुस्तके आणि विशेषेकरून चर्मपत्रे मागवितो. उपदेशाच्या ओघात ही मागणी किरकोळ वाटते. पण लेखनसामग्रीवाचून शब्द दूरवर जात नाही, हे तो जाणून होता. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा इतिहास लिहिताना आम्ही भाषांतरकारांची नावे आदराने घेतो, मुद्रकांची क्वचित घेतो, आणि कागद, खिळे व शाई पुरविणाऱ्यांची बहुधा घेतच नाही. वस्तुतः पुस्तक कोणत्या लिपीत निघावे व कोणाच्या हाती पडावे, हे अनेकदा या पुरवठ्यानेच ठरविले आहे.

गोव्याचे उदाहरण प्रथम पाहू. १५५६ मध्ये तेथे छापखाना आला, तो युरोपातून आणलेल्या रोमी खिळ्यांसह. फादर थॉमस स्टीफन्स यांची फार इच्छा होती की, या प्रांताच्या भाषेतील पुस्तके याच भूमीच्या लिपीत छापली जावीत. १६०८ च्या पत्रात त्यांनी आपल्या वरिष्ठांना अडचणही कळविली : अक्षरे जोडाक्षरांची असल्याने सुमारे ६०० साचे लागणार. ते पुरविणारा कोणी नव्हता. म्हणून १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ रायतूर येथे रोमी लिपीत निघाले. भाषा मराठी, छंद ओवीचा, पण अक्षरे परकी! पुढे १६८४ च्या फर्मानाने स्थानिक भाषेवरच गदा आली, आणि गोव्यात मुद्रण पुन्हा सुरू व्हावयास १८२१ साल उजाडले.

जी उणीव स्टीफन्स यांना भरून काढता आली नाही, ती जवळजवळ दोन शतकांनी बंगालमध्ये भरून निघाली. १८०० मध्ये श्रीरामपूर येथे केरी, मार्शमन व वॉर्ड यांनी छापखाना उभारला. त्यांचे खिळे घडविणारा पंचानन कर्मकार हा लोहारकामाची परंपरा असलेल्या घरातला. चार्ल्स विल्किन्स यांच्याबरोबर काम करताना त्याने ही कला आधीच हस्तगत केली होती. त्याच्यामागे त्याचा जावई मनोहर याने ते काम चालविले. केरींचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये नागरी अक्षरांत, आणि शब्दकोश १८१० मध्ये मोडीत निघाला, तो या ओतशाळेच्या बळावर. ती स्वतःपुरती राहिली नाही. इतर छापखान्यांनाही ती खिळे पुरवू लागली आणि अनेक दशके पौर्वात्य लिप्यांच्या खिळ्यांचे आशियातील प्रमुख केंद्र ठरली.

११ मार्च १८१२ रोजी तेथे आग लागली, आणि लागली ती कागदाच्या कोठाराच्या बाजूसच. कागद, हस्तलिखिते व खिळे गेले. पण पोलादी ठसे वाचले. वितळलेला धातू गोळा करून त्याच ठशांच्या आधारे थोड्याच आठवड्यांत नवे खिळे ओतण्यास आरंभ झाला. कागदाचा प्रश्न अधिक चिवट होता. विलायती कागद महाग पडे. देशी कागदाला भाताची खळ असल्याने कीड लागे. तेव्हा श्रीरामपूरकरांनी किडीस दाद न देणारा कागद स्वतःच तयार केला, आणि १८२० मध्ये त्या कामासाठी इंग्लंडहून वाफेचे यंत्र आणले. ‘श्रीरामपुरी कागद’ हे पुढे बाजारातील नाव झाले.

मुंबईतील अमेरिकन मराठी मिशननेही १८१७ मध्ये छपाईस प्रारंभ केला, तो कलकत्त्याहून आणविलेल्या खिळ्यांवर. कालांतराने त्यांची स्वतःची ओतशाळा झाली व थॉमस ग्रॅहम यांनी सुबक देवनागरी अक्षरे घडविली. पण आमच्या मते खरे महत्त्वाचे घडले ते पुढे. मिशनच्या छापखान्याशी संबंध आलेल्या गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये आपल्या शिळाछापावर पंचांग छापले. शाईही स्वतः सिद्ध केली. तेथेच बालवयात खिळे घासण्याचे काम केलेल्या जावजी दादाजींनी १८६४ मध्ये ओतशाळा आणि १८६९ मध्ये ‘निर्णयसागर’ छापखाना काढला. त्या अक्षरांनी संस्कृत काव्यशास्त्राचे ग्रंथ घरोघरी नेले.

यावर कोणी विचारील : शुभवर्तमानासाठी दिलेल्या दानाचा हा अपव्यय नव्हे काय? आम्हांस तसे वाटत नाही. खिळा एकदा विकला, कला एकदा शिकविली, की तिच्यातून कोणते शब्द जुळावेत हे पुरवठादाराच्या हाती राहत नाही, राहूही नये. जे वचन ऐकावयाचे ते स्वातंत्र्याने ऐकावयाचे असेल, तर प्रश्न करणाऱ्याच्या हातीही खिळे असले पाहिजेत. शिवाय हे ऋण एकतर्फी नाही. पंचाननाची कला मिशनने निर्माण केली नव्हती. मिशननेच ती घेतली होती. म्हणून मराठी मुद्रण ही मिशनची देणगी, असे सरसकट म्हणण्याचा मोह आपण टाळावा.

एक सूचना करून हा लेख संपवितो. जुन्या मिशन-आवारांतील कपाटांत कागदाच्या रिमांचे, शाईच्या डब्यांचे, खिळ्यांच्या वजनाचे हिशेब लिहिलेल्या वह्या कोठे कोठे अद्याप असतील. प्रवचनांची हस्तलिखिते आपण जपतो. या वह्या मात्र रद्दीत जातात. त्यांतही मंडळीचा इतिहास आहे. पाळकबंधूंनी त्या जपून ठेवाव्यात.