वर्षाचे ध्येय : संकल्पाकडून नियोजनाकडे

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मैदानांवर सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी वाढते. नव्या दैनंदिनीची पहिली पाने सुवाच्य अक्षरांत भरली जातात. महिनाअखेरीस हा उत्साह ओसरतो आणि त्याचा दोष बहुधा इच्छाशक्तीला दिला जातो. परंतु गेल्या काही दशकांतील मानसशास्त्रीय संशोधन पाहिले, तर संकल्प मोडण्याचे कारण अनेकदा त्याच्या मांडणीतच सापडते. काय साधायचे हे ठरलेले असते. त्यासाठी वेळ कोठून काढायचा आणि कृती नेमकी केव्हा करायची, हे मात्र ठरलेले नसते.

मोघम ध्येय टाळावे

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, 'शक्य तितके चांगले काम करा' या सूचनेपेक्षा नेमके आणि काहीसे कठीण उद्दिष्ट दिल्यास माणसाची कामगिरी सुधारते. गॅरी लॅथम आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याचे ठळक उदाहरण होय. लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रकचालक कायदेशीर वजनमर्यादेच्या जेमतेम ६० टक्के माल भरत असत. त्यांना ९४ टक्क्यांचे उद्दिष्ट देण्यात आले. कोणतेही आर्थिक बक्षीस नसताना काही महिन्यांत हे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेले.

व्यवस्थापन क्षेत्रात रूढ झालेली 'स्मार्ट' ही कसोटी जॉर्ज डोरन यांनी १९८१ मध्ये मांडली. उद्दिष्ट नेमके, मोजता येणारे, वास्तव आणि कालबद्ध असावे, या चार अटी आता सर्वपरिचित आहेत. डोरन यांची पाचवी मूळ अट होती, ते काम कोणी करायचे हे निश्चित असावे. पुढे या अटीच्या जागी 'साध्य होण्याजोगे' हा अर्थ प्रचलित झाला. घरातील नियोजनात मात्र मूळ प्रश्नच मोलाचा ठरतो. पतीने संध्याकाळचा अभ्यासक्रम निवडला, तर त्या वेळेतील स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास कोण पाहणार? पत्नीने पदोन्नतीची परीक्षा द्यायचे ठरवले, तर तिच्या वाट्याची कोणती कामे इतरांनी उचलायची? याचे उत्तर ठरले नाही, तर एकाचे ध्येय दुसऱ्याच्या वेळेवर उभे राहते.

तासांचा ताळेबंद

वर्षाचे तास ८,७६०. रोज आठ तास झोप धरली, तर २,९२० तास जातात. कार्यालयाचे वर्षातील ३०० दिवस आणि दिवसाला नऊ तास धरले, तर आणखी २,७०० तास. मुंबईच्या उपनगरात राहून जाण्यायेण्यात रोज तीन तास घालवणाऱ्याचे आणखी ९०० तास प्रवासात संपतात. उरतात २,२४० तास, म्हणजे दिवसाला सरासरी सहा तासांहून थोडे अधिक. आंघोळ-जेवण, घरकाम, मुले, आई-वडिलांची देखभाल, आजारपण आणि लग्नकार्ये यांतच सामावतात. अशा स्थितीत नवी भाषा, रोजचा व्यायाम, पदविका आणि जोडव्यवसाय ही चार ध्येये एकाच वर्षात मांडणे म्हणजे नसलेल्या पैशांवर खर्चाचा अंदाज बांधणे होय. एक व्यावसायिक आणि एक वैयक्तिक, अशी दोन ध्येये निवडून प्रत्येकासाठी आठवड्याचे तास राखून ठेवणे अधिक व्यवहार्य ठरते.

वेळ आणि जागा ठरवावी

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुटीत एक अहवाल लिहायचा होता. तो केव्हा आणि कोठे बसून लिहिणार, हे ज्यांनी आधी ठरवले, त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश विद्यार्थ्यांनी तो वेळेत पूर्ण केला. नुसता इरादा बाळगणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे एक तृतीयांश होते. म्हणूनच 'यंदा वाचन वाढवायचे' या वाक्याऐवजी 'रात्रीची जेवणे आटोपली की टीव्ही लावण्यापूर्वी वीस पाने वाचायची' असे वाक्य दैनंदिनीत लिहावे.

सवय २१ दिवसांत लागते, हा समजही तपासून घ्यावा. लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या केलेल्या अभ्यासात हा काळ १८ ते २५४ दिवसांपर्यंत बदलत गेला. मधला आकडा ६६ दिवसांचा होता. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा अडथळा आला नाही, असेही त्यात आढळले. एका खाड्याने संकल्प मोडला असे मानून तो सोडून देण्याचे कारण नाही.

अंदाज आणि आढावा

कामाला लागणारा वेळ माणूस कमीच धरतो. १९९४ मधील एका अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरासरी ३४ दिवसांचा अंदाज दिला. प्रत्यक्षात ५५ दिवसांहून अधिक लागले. त्यामुळे मागच्या वेळी अशाच कामाला किती काळ लागला होता, हे पाहून मुदत ठरवावी. लेखा विभागात काम करणाऱ्याला मार्च मोकळा मिळत नाही, शाळकरी मुलांच्या पालकांचा जून धावपळीचा असतो, गणपती आणि दिवाळीत घरचे वेळापत्रक बदलते. असे आठवडे आरंभीच वजा करावेत.

आकड्यांचा अतिरेकही घातक ठरतो. अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेत विक्रीच्या उद्दिष्टांच्या दबावाखाली कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या संमतीविना लक्षावधी खाती उघडली. २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला. गाठायचा आकडा ठरवताना तो कोणत्या मार्गाने गाठायचा नाही, हेही लिहून ठेवावे.

दर तीन महिन्यांनी दैनंदिनी उघडून तीन गोष्टी तपासाव्यात : राखलेले तास खरोखर मिळाले का, ठरवलेली वेळ सोयीची ठरली का आणि ध्येय अजूनही हवेसे वाटते का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' आले, तर ते ध्येय रीतसर वगळावे आणि मोकळे झालेले तास उरलेल्या ध्येयाला द्यावेत.