घुमारा वेगळा ऐकताना

विजापूरच्या गोल घुमटात टाळी वाजवून आपण मोजतो तो प्रतिध्वनी. देवळाच्या गाभाऱ्यात ओंकार संपल्यावरही रेंगाळत राहतो तो घुमारा. हा दुसरा मूळ आवाजाला इतका बिलगून असतो की, तो सुटा करून ऐकावा असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

ते आले हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबाइन ह्या तरुण अध्यापकाच्या. १८९५ साली तेथील फॉग कलासंग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे श्रोत्यांना उमगेना. (व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना ही आपत्ती आम्ही काय समजावून सांगावी!) सॅबाइन रात्री, शहर निजल्यावर, ऑर्गनची एक नळी वाजवी, एकाएकी वारा तोडी, आणि मागे उरलेला नाद कानाआड होईपर्यंतचा काळ मोजी. रिकाम्या दालनात तो सुमारे ५.५ सेकंद भरला. जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील गाद्या आणून पसरल्या तसतसा तो आखूड होत गेला. ह्याच अभ्यासाच्या बळावर बोस्टनचा सिंफनी हॉल १९०० साली उभा राहिला. येथे एक गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. सॅबाइनने घुमारा मोजला तो एकटा. परंतु तो दोषी ठरला तो बोलण्याच्या संगतीत. तेवढ्या अवधीत वक्ता डझनभर अक्षरे पुढे गेलेला असतो, आणि ती सारी एकमेकांत कालवली जातात.

ध्वनिमुद्रणाने पुढे हा घुमारा खरोखरीच वेगळा काढला. रिकाम्या, गुळगुळीत भिंतींच्या खोलीत एका बाजूला ध्वनिवर्धक ठेवायचा, दुसऱ्या बाजूला मायक्रोफोन. गाणे आत सोडायचे आणि घुमून आलेला आवाज मूळ गाण्यात हवा तेवढा मिसळायचा. १९४७ साली शिकागोत बिल पटनम ह्यांनी 'हार्मोनिकॅट्स' ह्या माउथऑर्गन-त्रयीच्या ध्वनिमुद्रिकेसाठी चक्क प्रसाधनगृहाची फरशी-भिंत कामाला लावली, आणि ती मुद्रिका अफाट खपली. आता मिश्रण करणाऱ्याच्या हाती घुमाऱ्याची स्वतंत्र कळ आली. बाकी सारे बंद करून तेवढाच ऐकण्याची सोय झाली, आणि तिच्याबरोबर मोहही आला.

एकटा ऐकल्याने लाभ होतो, हे निःसंशय. खर्जाची गढूळ गुणगुण, 'स'काराचा सळसळाट, यंत्राची खरखर, हे दोष गाण्याखाली दडून बसतात. गाणे दूर केले की उघडे पडतात. म्हणूनच घुमाऱ्याच्या वाटेवर खर्ज छाटण्याची रीत पडली. पण किती घालावा, हे मात्र एकट्याने कळत नाही. एकटा असताना लांबलचक घुमारा भव्य वाटतो. तबला सुरू होताच तोच प्रत्येक बोलावर पसरतो. उलट, एकटा असताना क्षीण वाटलेला पुष्कळदा गळ्याला अगदी पुरेसा होतो.

१९५७ साली जर्मनीतील ई.एम.टी. कंपनीने खोलीऐवजी पोलादी पत्राच चौकटीत ताणून बसविला: लांबी सुमारे २ मीटर, रुंदी १ मीटर, जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्याचा नाद सुटा ऐकला तर कोणीही त्याला दालन म्हणणार नाही. पत्रा तो पत्राच वाटतो. तरी गायकाच्या आवाजामागे तो बेमालूम बसला, आणि १९६० नंतरच्या कितीतरी ध्वनिमुद्रिकांत श्रोत्यांनी त्या पत्र्यालाच सभागृह मानून घेतले.