संगणकाविना संगणकशास्त्र शिक्षण

संगणकाविना संगणकशास्त्र शिक्षण ही यंत्राचा वापर न करता खेळ, हालचाली व हातातील वस्तूंच्या साहाय्याने मुलांना अल्गोरिदमची ओळख करून देणारी अध्यापनपद्धती आहे. एखादा प्रश्न सोडविण्यासाठी ठरावीक क्रमाने करावयाच्या निःसंदिग्ध कृतींच्या मालिकेस अल्गोरिदम म्हणतात. हा शब्द नवव्या शतकातील गणितज्ञ अल्-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून आला आहे. अल्गोरिदम ही यंत्राची नव्हे, तर विचाराची रचना असल्याने तो खडू, दोरी आणि चिंचोक्यांनीही शिकविता येतो, हे या पद्धतीचे गृहीतक आहे.

इतिहास

टिम बेल, इयान विटेन आणि माइक फेलोज यांनी 1990 च्या दशकात अशा कृतींचा संग्रह तयार केला व 1998 मध्ये तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. भारतात एसीएम इंडिया या संस्थेने 2016 मध्ये 'सीएसपाठशाळा' हा उपक्रम सुरू केला. शालेय वर्गांसाठी संगणकाविना करता येणाऱ्या कृती तयार करणे, हे त्याचे एक प्रमुख काम आहे. मूळच्या लिथुआनियातील 'बेब्रास' या संगणकीय विचारावरील स्पर्धेचे भारतीय आयोजनही हाच उपक्रम करतो. ही स्पर्धा मराठीतूनही देता येते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये संगणकीय विचाराचा उल्लेख असून माध्यमिकपूर्व टप्प्यापासून कोडिंगच्या कृती सुचविल्या आहेत.

प्रमुख कृती

द्विभाजन शोध : एका मुलाने 1 ते 100 मधील संख्या मनात धरावयाची व इतरांनी 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर येणारे प्रश्न विचारावयाचे. प्रत्येक प्रश्नाने उरलेल्या संख्या निम्म्या केल्यास जास्तीत जास्त 7 प्रश्नांत उत्तर मिळते. संख्या 1 ते 1000 पर्यंत वाढविल्या तरी 10 प्रश्न पुरतात. एकेक संख्या विचारीत जाण्यापेक्षा ही रीत किती वेगवान आहे, हे मुलांना स्वतः मोजून कळते.

क्रमवारी जाळे : जमिनीवर रेषा आखून सहा मुले हातात संख्या घेऊन चालत जातात. दोन रेषा मिळतात तेथे दोघे तुलना करतात. लहान संख्या एका बाजूस व मोठी दुसऱ्या बाजूस जाते. शेवटी सर्व संख्या क्रमाने लागतात. अनेक तुलना एकाच वेळी होत असल्याने समांतर गणनेची कल्पना येथे मिळते.

किमान खर्चाचे जाळे : काही गावे कमीत कमी खर्चात एकमेकांशी जोडावयाची असतात. सर्वांत स्वस्त रस्ता प्रथम निवडावा, नंतर त्याहून महाग. मात्र ज्याने वर्तुळ पूर्ण होते तो रस्ता वगळावा. ही रीत जोसेफ क्रुस्कल यांनी 1956 मध्ये मांडली. त्यापूर्वी 1926 मध्ये ओटाकर बोरूव्का यांनी मोराव्हियातील वीजवाहिन्यांच्या संदर्भात हाच प्रश्न सोडविला होता.

चंद्रपूर व गडचिरोलीच्या संदर्भात

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. तो महाराष्ट्रातील सर्वाधिक वनक्षेत्राचा जिल्हा आहे. तेथील अनेक मुलांची घरची भाषा गोंडी किंवा माडिया असते. कृती डोळ्यांसमोर घडत असल्याने सूचना मुलांच्या भाषेत देता येतात आणि पारिभाषिक शब्द नंतर सांगता येतो.

या भागातील परिचित कामांतही अल्गोरिदमची रचना दिसते. बांबूची चटई विणताना पट्टी एकदा वरून व एकदा खालून घेतली जाते. पुढील ओळीत हा क्रम उलटतो. हे पुनरावर्तनाचे उदाहरण होय. तेंदूपानांचा 70 पानांचा पुडा बांधताना 'संख्या पूर्ण होईपर्यंत पाने घे, मग बांध' ही अट असते.

किमान खर्चाच्या जाळ्यासाठी आलापल्ली, अहेरी, एटापल्ली, हेमलकसा, भामरागड व सिरोंचा ही सहा ठिकाणे जमिनीवर मांडता येतात. दुव्यांसाठी काड्या व खर्चासाठी खडे वापरल्यास सहा ठिकाणे पाच दुव्यांनी जोडली जातात. मात्र अशा जाळ्यात कोणत्याही दोन ठिकाणांमध्ये एकच मार्ग उरतो. एक दुवा तुटला की जाळ्याचे दोन तुकडे होतात. पर्लकोटा नदीच्या पुरामुळे भामरागडचा संपर्क तुटल्याचे प्रसंग अनेकदा आले आहेत. त्यामुळे एक काडी उचलून 'आता कोण एकटे पडले?' असे विचारता येते. अल्गोरिदमने दिलेले उत्तर विचारलेल्या प्रश्नापुरतेच बरोबर असते आणि 'सर्वांत स्वस्त' म्हणजे 'सर्वांत चांगले' नव्हे, हे मुलांच्या ध्यानी येते. मग एखादा जादा दुवा कोठे जोडावा, हा पुढील प्रश्न ठरतो.

मर्यादा

कृतीनंतर चर्चा न झाल्यास ती केवळ खेळ ठरते व तिच्यामागील संकल्पना हाती लागत नाही. प्रत्यक्ष प्रोग्रॅम लिहिणे, त्यातील चुका शोधणे व दुरुस्त करणे ही कौशल्ये यंत्रावरील सरावानेच येतात. म्हणून ही पद्धती संगणक शिक्षणाची पूर्वतयारी मानली जाते. शाळेत संगणक नसण्याची भरपाई तिने होत नाही.

हेही पाहा

अल्गोरिदम
संगणकशास्त्र
आलेख सिद्धान्त
गडचिरोली जिल्हा