नकाशातली हिरवी जागा

स्मरणिका समितीने मला 'परिसराचा इतिहास' लिहायला सांगितला. मी मूळचा जुन्नर तालुक्यातल्या मढचा. कुकडी प्रकल्पातलं पिंपळगाव जोगे धरण आमच्याच भागातलं. त्यामुळे भूसंपादन हा शब्द आम्ही पुस्तकात वाचला नाही, ओसरीवर ऐकला. मोजणी, नोटीस, पंचनामा, मोबदला! म्हणून कुणी 'इथे बाग पाहिजे' म्हटलं की मला आधी सातबाऱ्यावरचं नाव आठवतं.

जुन्या पुण्यात काही बागा तशा सहज झाल्या. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचं तळं होतं, मधल्या बेटावर गणपती. पुढे तळं राहिलं नाही, त्या जागी सारसबाग झाली. 'तळ्यातला गणपती' हे नाव तेवढं राहिलं.

आपल्या भागाचं तसं नाही. 1997 साली महापालिकेत 38 गावं आली, त्यात आपलं होतं. 2001 मध्ये 15 वगळली, 23 उरली. या गावांच्या विकास आराखड्यात टेकड्यांवरची सुमारे 978 हेक्टर जमीन जैवविविधता उद्यानासाठी, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या 'बीडीपी'साठी, राखायचं ठरलं. शासनाची मोहोर उठायला 2015 उजाडलं. मधली वर्षं भांडण कशाचं? टेकडी राखावी की नाही, याचं होतंच, पण खरं भांडण मालकाला काय द्यायचं याचं. कुणी म्हणे चार टक्के बांधकाम करू द्या, कुणी म्हणे एक वीटही नको. अखेर आठ टक्के टीडीआर ठरला. रस्त्यासाठी जमीन देणाऱ्याला याहून कितीतरी जास्त मिळतो, मग टेकडीवाला आपण होऊन जमीन कशाला देईल? मी टेकडीच्या बाजूचा आहे, तरी हे म्हणतो.

कायदाही थांबत नाही. 1966 च्या नगररचना कायद्यात आरक्षणाला दहा वर्षं झाली की मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. मुदतीत संपादन झालं नाही तर आरक्षण रद्द. ही मुदत आधी सहा महिने होती, मग बारा झाली, आता चोवीस आहे. त्यात 2013 च्या भूसंपादन कायद्याने शहरातही बाजारभावाच्या दुप्पट मोबदला द्यावा लागतो. म्हणजे जितका उशीर, तितकी बाग महाग.

म्हणून माझं मत सरळ आहे. आधी जमीन ताब्यात घ्या, कुंपण घाला, झाडं लावा. कारंजी आणि ओपन जिम दहा वर्षांनी केली तरी चालतील. आणि पहिली जमीन तिथे घ्या, जिथे वस्ती दाट आहे आणि पोरांना गल्लीशिवाय मैदान नाही. केंद्राच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांत माणशी 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा सांगितली आहे. आपल्या नाक्यामागच्या चाळींत जाऊन बघा, माणशी एक चटईसुद्धा येणार नाही.

आता घरचं. आपल्या मंजूर नकाशात मागची 'खुली जागा' आहे. तिला ना संपादन लागलं, ना मोबदला. येत्या वार्षिक सभेत तिथे पार्किंग करायचा विषय आहे. चौदा गाड्या मावतील म्हणतात. गाड्यांची अडचण खरी आहे, माझीही गाडी रस्त्यावरच उभी असते. तरी मी विरोधात हात वर करणार आहे. पहिल्या पावसाळ्यात आपण सगळ्यांनी लावलेल्या गुलमोहरावर परवा चुन्याची खूण केलेली पाहिली.