मोंढा आणि मुंढा

शर्टाचं माप घेताना शिंप्यानं टेप खांद्यावरून काखेतून फिरवली आणि मशीनवरच्या पोराला आकडा सांगितला, "मुंढा अठरा." बाही जिथं जोडतात ती जागा म्हणजे मुंढा, हे चाळीस वर्षं शर्ट घालूनही मला ठाऊक नव्हतं. दुकान संभाजीनगरात, जाफरगेटच्या वाटेवर. बाहेर जुना मोंढा, आत मुंढा. तेव्हापासून हा भुंगा काही डोक्यातून जात नाही.

मराठवाड्याबाहेरच्यांसाठी सांगतो, मोंढा म्हणजे धान्याचा घाऊक बाजार. आडत्यांच्या पेढ्या, हर्राशी, काटा, हमाल. पुण्याकडे मार्केट यार्ड म्हणतात. आमच्याकडे संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड, बीड, कुठंही जा, मोंढाच. तोही बहुधा दोन : जुना आणि नवा. लातूरनं तेवढा आपला 'गंज' जपलाय.

आमच्या संभाजीनगर शहराची कथा एका दमात सांगून होते. मलिक अंबरनं १६१० साली खडकीला राजधानी वसवली, पुढं तिचं फतेहनगर झालं, १६५३ मध्ये औरंगजेबानं औरंगाबाद केलं, १७६३ मध्ये निजामानं राजधानी हैदराबादला हलवली आणि व्यापार मागं राहिला. नावं बदलत गेली, पुरे आणि बाजार टिकले.

आता मुद्द्याचं : मोंढा हा शब्द आला कुठून? सरळ उत्तर असं देतात की मोंढा हा 'मंडी'चा थोरला भाऊ. संस्कृत 'मंडपिका', म्हणजे जकात वसुलीचा मांडव. त्यातून मंडी, मंडई, मांडवी. टोपलीचा टोपला होतो, विळीचा विळा, तसा मंडीचा मंडा, मग मोंढा. दिसायला चोख आहे. पण 'अ'चा 'ओ' का झाला? 'ड'ला हकार कुठून आला? आणि याच शहरात गुलमंडी आहे, ती का नाही गुलमोंढा झाली? ('गुल' म्हणजे फूल की गूळ, यावर इथं वेगळं भांडण आहे. मी गुळाच्या बाजूचा, कारण फुलांपेक्षा गुळाला मंडी जास्त लागते.) एकाच गावात दोन्ही रूपं शेजारी नांदली, तर दोघांचं कूळ एक नसावं, असं मला वाटतं.

दुसरा दावेदार हिंदीतला 'मोंढा', म्हणजे सरकंड्याचं किंवा वेताचं बसकं आसन. आडत्या मोंढ्यावर बसला, त्याच्या आसनाचं नाव बाजाराला पडलं. गोड आहे, पण मला पटत नाही. आमचे आडते गादीवर बसतात, लोडाला टेकून.

तिसरा माझा. हिंदीत याच शब्दाचा दुसरा अर्थ खांदा. शिंप्याचा मुंढा तोच. बाजार ज्यावर चालतो ते अंग म्हणजे हमालाचा खांदा, त्यावरून बाजाराला मोंढा. हसू नका. मुंबईत माथ्यावर ओझं वाहणारा 'माथाडी' झाला आणि १९६९ साली त्या शब्दाला थेट कायद्याच्या नावात जागा मिळाली. माथ्याला जे जमलं ते खांद्याला का जमू नये? एका हमालानं मात्र मला हटकलं, "साहेब, पोतं पाठीवर घेतात." कबूल. पण पाठीवर चढतं ते खांद्याच्या आधारानंच, असं म्हणून मी वेळ मारून नेली.

राहतं सिकंदराबाद. तिथल्या जुन्या बाजाराचं नाव 'मोंडा मार्केट'. मनमाडहून निघून संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादला जाणाऱ्या रेल्वेवर शब्दांचे डबेही जोडलेले असणार! १९०० च्या सुमारास ही लाईन झाली. अडचण बीडची. तिथं रेल्वे परवापरवापर्यंत नव्हती आणि मोंढा मात्र केव्हाचा आहे. तेव्हा रेल्वेनं शब्द वाहिला असेल, जन्माला घातला नाही. दख्खनीच्या तोंडून तो आधीच गावोगाव पोचला असावा, यावर मी पैज लावायला तयार आहे.

अर्थ हरवून नाव उरणं काही आमच्याकडेच घडत नाही. इंग्लंडात 'चिपिंग नॉर्टन' नावाचं गाव आहे. त्यातलं 'चिपिंग' म्हणजे जुन्या इंग्रजीत बाजार. राजाच्या सनदेनं भरणारे तिकडचे बाजार नावात मुरून गेले आणि अर्थ विसरला गेला. आमचं तसंच चाललंय. १९३० साली हैदराबाद संस्थानानं शेतमाल बाजाराचा कायदा केला, १९६३ साली महाराष्ट्राचा आला, पाटीवर 'कृषी उत्पन्न बाजार समिती' लागलं, समितीचं आवार जाधववाडीला गेलं. जालना रोडवरच्या चौकाला तरी रिक्षावाला मोंढा नाकाच म्हणतो. वर उड्डाणपूल, खाली सिग्नल.

तुमच्या घरी माळ्यावर फसली सनातल्या आडतीच्या पट्ट्या पडल्या असतील. मोडीतल्या असोत की उर्दूतल्या, दोन्ही लिप्यांत 'ड' आणि 'ढ' वेगळे लिहितात. तेवढं एक अक्षर बघा आणि मला कळवा. 'ड' निघाला तर मंडीवाले जिंकले, मी शिंप्याला पुन्हा तोंड दाखवणार नाही.