घोकलेलं आणि कळलेलं

धाराशिवचा मराठी माध्यमातला मुलगा इंजिनिअरिंगला जातो आणि पहिल्याच सेमिस्टरला इंग्रजी पुस्तकापुढे अडतो. व्याख्या पाठ होते, अर्थ हाती लागत नाही. मग तो ठरवून टाकतो, ‘आपलं डोकंच कमी.’ या एका वाक्यापायी वर्गातली चांगली पोरं मागच्या बाकावर गेलेली मी पाहिली आहेत. पण हा प्रश्न डोक्याचा नाही, आणि नवाही नाही.

शंभर वर्षांपूर्वी आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१७ साली अकबर हैदरी यांनी निजामाला एक टिपण दिलं. त्यातला मुद्दा असा, की परक्या भाषेतून शिकताना मुलाची ताकद पाठांतरातच संपते, विचाराला उरत नाही. त्यातून १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं. इंग्रजी सक्तीचा विषय राहिला, बाकी शिक्षण उर्दूतून. पुस्तकं नव्हती, म्हणून भाषांतराचं वेगळं खातंच काढलं. तिथे विज्ञानाची, इतिहासाची पुस्तकं उर्दूत आली, नवे शब्द घडले.

निदान अचूक होतं. पण संस्थानातली बहुतेक प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी. आपल्याकडच्या पोराच्या वाट्याला एका परक्या भाषेऐवजी दुसरी आली, एवढंच.

याला उत्तर आपल्याच जिल्ह्यात शोधलं गेलं. १९२१ साली हिप्परगा या खेड्यात राष्ट्रीय शाळा निघाली. मुलांनी मातृभाषेतून शिकावं आणि आपल्या डोक्याने विचार करावा, यासाठी. पुढे व्यंकटेश खेडगीकर नावाचे तरुण शिक्षक तिथे आले. तेच नंतरचे स्वामी रामानंद तीर्थ, हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर उस्मानियात उर्दूची जागा इंग्रजीने घेतली. १९५८ साली मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं. इंजिनिअरिंगची पुस्तकं मात्र इंग्रजीतच राहिली. २०२१ पासून मराठीतून इंजिनिअरिंग शिकायची मुभा आहे, पण ती मोजक्या जागांपुरती. बाकीच्यांनी काय करायचं?

भाषांतराचं खातं स्वतःच उघडायचं.

आमच्या होस्टेलवर एक रीत होती. एकाने इंग्रजी पान वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि बाकीच्यांना ते मराठीत सांगायचं. ‘करंट’, ‘व्होल्टेज’ हे शब्द तसेच ठेवायचे, पण ‘म्हणजे काय रे?’ असं कुणी विचारलं की उत्तर आपल्या बोलीत द्यायचं. जिथे जीभ अडेल, तेवढंच पुन्हा वाचायचं.

यामागे शास्त्रही आहे. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके यांनी विद्यार्थ्यांचे गट केले. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षेच्या आदल्या रात्री केलेली घोकंपट्टी म्हणूनच फसवते: तेव्हा सगळं येतंय असं वाटतं.

आज नोकरीतही मी हेच करतो. कोड चालेना, की सॉफ्टवेअरवाले टेबलावरच्या रबरी बदकाला तो ओळीओळीने समजावून सांगतात. सांगता सांगता चूक सापडते. माझं बदक मराठी ऐकतं.

इंग्रजी शिकायलाच हवी, त्यात वाद नाही. पण पान वाचून झालं, की ते आजीला कळेल असं सांगून बघा. सांगता आलं, तर ते तुमचं झालं. नाही आलं, तर एवढंच समजा की अजून एकदा वाचायचंय. डोकं ठीक आहे.