राळेगावची मधली सुट्टी: तांदळाचा आणि चुलीचा इतिहास

राळेगाव हा यवतमाळ जिल्ह्यातला कापसाचा तालुका. पलीकडे वर्धा नदी, तिच्यापल्याड वर्धा जिल्हा. अलीकडे काळ्या मातीची शेतं, शेतमजुरांच्या वस्त्या, गोंडांची गावं आणि कोलामांचे पोड म्हणजे वस्त्या. वेचणीच्या दिवसांत इथल्या घरांतली मोठी माणसं सकाळीच शेतावर जातात. मूल शाळेत येतं ते सकाळी मिळेल ते खाऊन, आणि त्याचं दिवसातलं पहिलं पोटभर जेवण बहुधा मधल्या सुट्टीत होतं. म्हणून या तालुक्यात शालेय पोषण आहाराला केवळ एक सरकारी योजना म्हणणं अपुरं आहे. शाळेच्या दिवसाचा तो मध्य आहे. हे जेवण सुधारायचं कसं, या प्रश्नावर आजवर धान्याचं वजन, उष्मांक आणि पाककृतींची यादी हीच उत्तरं पुढे आली. या जेवणाचा इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. ताटात खरा फरक पडला तो कोण शिजवणार, कुठे शिजवणार आणि मुलं कुणाशेजारी बसून जेवणार, हे प्रश्न सोडवले गेले तेव्हा. पुढची सुधारणाही त्याच वाटेने येईल, असं माझं मत आहे.

सरकारच्या आधी हा प्रश्न महाराष्ट्रातल्या शिक्षणसुधारकांनी हाताळला होता. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहांना आश्रय दिला, कारण खेड्यातल्या मुलाच्या शिक्षणात शाळेच्या फीइतकीच दोन वेळच्या जेवणाची अडचण होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. तिथे निरनिराळ्या जातींची मुलं एकत्र राबत, एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीला बसत. अमरावतीत पंजाबराव देशमुखांनी श्रद्धानंद छात्रालय उभारलं. राळेगावच्या नदीपल्याड, वर्ध्यात, ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून नई तालीम ही शिक्षणपद्धती आकाराला आली. आशादेवी आणि आर्यनायकम यांनी सेवाग्रामात ती चालवली तेव्हा स्वयंपाकघर, भाजीचा मळा आणि सफाई हे शिक्षणाचेच भाग होते. या सगळ्या प्रयोगांत पैसा तुटपुंजा होता आणि ताट साधं होतं. पण जेवण शाळेच्या आत होतं, ते कुणी रांधायचं आणि कुणी वाढायचं हे ठरलेलं होतं आणि पंगत हा समतेचा पाठ होता.

सरकारी योजना आली तेव्हा यातलं फारसं काही तिच्यात नव्हतं. मद्रास नगरपालिकेने १९२० च्या सुमारास शाळेत जेवण सुरू केलं होतं, मुख्यमंत्री कामराजांनी १९५६ पासून ते राज्यभर नेलं, पुढे मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये त्याचा मोठा विस्तार केला. हा अनुभव समोर असताना केंद्राने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशव्यापी कार्यक्रम जाहीर केला. बहुतेक राज्यांत, महाराष्ट्रातही, त्याचं रूप झालं ते कोरड्या धान्याचं: ८० टक्के हजेरी लावणाऱ्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ. तो तांदूळ घरी जाई आणि घरच्या सगळ्यांत वाटला जाई. गरीब घराला त्याचा आधार होता, यात शंका नाही. पण भर दुपारी वर्गात भुकेलं बसलेलं मूल तसंच भुकेलं राही. शिवाय हा तांदूळ आला तो ज्वारीच्या मुलखात. बेरारमध्ये, म्हणजे वऱ्हाडात, ब्रिटिश अमलात कापूस पसरला तरी भाकरीसाठी ज्वारी पिकत होती आणि तिच्या कडब्यावर बैल जगत होते. पुढे सोयाबीन आलं आणि ज्वारीचं क्षेत्र आटत गेलं. याच काळात शाळेतून तांदूळ मिळू लागला. ज्वारी मागे पडण्याचं कारण ही योजना नव्हती. पण ज्वारीला शाळेच्या रूपाने एक कायमचं गिऱ्हाईक देण्याची संधी सरकारने तेव्हा घेतली नाही.

पहिलं मोठं वळण न्यायालयातून आलं. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश दिला की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेलंच अन्न द्यावं. त्यात निदान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं असावीत आणि ते वर्षातले किमान २०० दिवस मिळावं. धान्य तेच, गोदामही तेच. बदलली ती शिजवण्याची जागा. तांदूळ शाळेत शिजू लागल्यावर तो मुलाच्याच पोटात जाऊ लागला. दुसरं वळण २० एप्रिल २००४ च्या आदेशाचं. स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्यावं, असं न्यायालयाने सांगितलं. साताऱ्याच्या वसतिगृहात जे एका माणसाच्या निष्ठेवर चाललं होतं, ते आता सगळ्या देशातल्या शाळांना लागू झालं. गोंड, कोलाम आणि दलित वस्त्यांच्या तालुक्यात या आदेशाचं मोल ग्रॅममध्ये मोजता येत नाही.

पुढची वर्षं प्रमाणं वाढवण्यात गेली. प्राथमिकसाठी ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं ठरली; उच्च प्राथमिकसाठी ७०० आणि २०. पहिलीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल असा हिशेब बसला. योजना उच्च प्राथमिक वर्गांपर्यंत पोहोचली त्या काळात राज्याचं शालेय शिक्षण खातं राळेगावचेच आमदार वसंत पुरके यांच्याकडे होतं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने या जेवणाला हक्काचं रूप दिलं. शाळेतल्या या जेवणाची फळंही दिसली. अर्थतज्ज्ञ फर्झाना आफ्रिदी यांनी मध्य प्रदेशात केलेल्या अभ्यासात आढळलं की शाळेत जेवण मिळतं म्हणून आईबाप घरचं ताट आखडत नाहीत. मुलाच्या पोटात खरोखर भर पडते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं की ज्या मुलींना शाळेत हे जेवण मिळालं, त्या आई झाल्यावर त्यांच्या मुलांची उंची खुंटण्याचं प्रमाण कमी राहिलं. शाळेतलं जेवण ही आईबापांची जबाबदारी काढून घेणारी खैरात आहे, या जुन्या आक्षेपाला याहून चांगलं उत्तर नाही.

मग अडतं कुठे? उत्तर चुलीपाशी आहे. ग्रॅम ठरले, पण ते शिजवणारी बाई हिशेबाच्या कडेलाच राहिली. स्वयंपाकी तथा मदतनीस यांचं मानधन केंद्राने डिसेंबर २००९ मध्ये महिना १००० रुपये ठरवलं, तेही वर्षातल्या दहा महिन्यांसाठी. राज्याने आपल्या बाजूने भर घातली. केंद्राचा आकडा मात्र दीड दशक तिथेच आहे. तांदूळ आणणं-निवडणं, पाणी भरणं, भाजी चिरणं, शिजवणं, वाढणं, भांडी घासणं एवढं काम करणाऱ्या बाईला वेचणीच्या दिवसांत शेतात जास्त मजुरी मिळते, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. लहान शाळांत गणित आणखी बिघडतं. मे २०२५ पासून प्राथमिकच्या मुलामागे रोजचा साहित्यखर्च ६ रुपये ७८ पैसे धरला आहे. त्यात डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन सगळं आलं. पोडावरच्या शाळेत पंधरा मुलं असतील तर दिवसाला शंभर रुपयांच्या आसपास हाती येतात. शंभर मुलांच्या शाळेत हा दर कसाबसा पुरेल. पंधरा मुलांच्या पातेल्याला मात्र गॅस त्या प्रमाणात कमी लागत नाही आणि भाजी ठोक भावाने मिळत नाही. अन्न बेचव झालं तर दोष बाईच्या हाताला लागतो. तो खरा या हिशेबाचा आहे.

इथे दोन आक्षेप येतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा की गावोगावच्या चुली बंद करून मोठ्या यंत्रसज्ज स्वयंपाकघरातून जेवण पाठवावं, म्हणजे स्वच्छता आणि दर्जा सांभाळता येईल. बिहारच्या गंडामन गावात १६ जुलै २०१३ रोजी शाळेतलं अन्न खाऊन २३ मुलं गेली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळलं होतं. यवतमाळ जिल्ह्याला हे दूरचं वाटू नये. २०१७ च्या हंगामात इथे फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, आणि औषधाचे डबे इथल्या घराघरांत असतात. पण गंडामनचा धडा चूल बंद करण्याचा नाही. कोठार, कुलूप, भांडी आणि चव घेण्याची शिस्त यांचा आहे. वाढण्याआधी शिक्षकाने आणि गावातल्या मोठ्या माणसांनी अन्न चाखावं, असा नियम आहेच. तो रोज पाळला गेला पाहिजे. मध्यवर्ती स्वयंपाकघराची मुभा कायद्यानेही शहरांपुरतीच ठेवली आहे, आणि ते योग्यच आहे. राळेगावच्या पावसाळी रस्त्यांवरून तासाभराने पोडावर पोहोचलेलं अन्न गार होतं, आणि बिघडलंच तर एका शाळेऐवजी पन्नास शाळांत बिघडतं.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा आहे: आम्ही शिकवायचं की तांदळाची नोंद ठेवायची? ही तक्रार खरी आहे. दोनशिक्षकी शाळेत एक जण नोंदवही, ऑनलाइन माहिती आणि भाजीच्या पावत्यांत अडकला की वर्ग ओस पडतो. पण यातून निघतं ते एवढंच की हिशेब शिक्षकाकडून काढून शाळा व्यवस्थापन समितीने आणि स्वयंपाक करणाऱ्या बचत गटाने सांभाळावा आणि त्याचं मानधन घ्यावं. जेवणाची वेळ मात्र शिक्षकाने सोडू नये. रांगेत हात धुणं, शांतपणे बसणं, शेजाऱ्याला वाढणं, पानात न टाकणं हे सेवाग्रामात शिक्षण होतं. जपानने २००५ मध्ये कायदा करून ते आपल्या शाळांत पक्कं केलं. आपल्याकडे ते अभ्यासक्रमाबाहेर पडलं, एवढंच.

राहिला प्रश्न ताटाचा. २०२४ मध्ये राज्याने भात, उसळ आणि गोड अशी तीन पदार्थांची रचना आखली, पाककृतींची यादी दिली. त्याआधी २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडं सुरू झालं होतं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा सरकारी खर्च थांबला आणि अंडं, गोड पदार्थ लोकसहभागावर सोपवले गेले. जिथे पालक मजूर आहेत, तिथे लोकसहभाग म्हणजे अंडं बंद होणं. आदिवासी मुलांच्या प्रथिनांचा प्रश्न देणग्यांवर सोडू नये. तो खर्च सरकारनेच करावा आणि ज्यांना अंडं नको त्यांना केळं द्यावं. ज्वारीबद्दल म्हटलं जातं की शंभर भाकरी कोण थापणार? कुणी थापायला नकोत. ज्वारीच्या कण्या भातासारख्या शिजतात, घुगऱ्या होतात, आंबील होते. या पदार्थांवर विदर्भातल्या पिढ्या वाढल्या आहेत. आठवड्यातले दोन दिवस कण्या आणि तुरीचं वरण ठेवलं तर धान्य तालुक्यातलं राहील, पैसा शेतकऱ्याकडे जाईल आणि मूल ओळखीचं अन्न खाईल.

तेव्हा राळेगावसाठी मागणी सोपी आहे. स्वयंपाक करणाऱ्या बाईला बारा महिने आणि मजुरीच्या बरोबरीने मोबदला द्या. पंचवीसपेक्षा कमी मुलांच्या शाळेला मुलामागच्या दराऐवजी किमान ठरावीक रक्कम द्या. तूर आणि ज्वारी तालुक्यातल्या शेतकऱ्यांकडून घ्या. आठवड्याचा बेत शाळा व्यवस्थापन समितीला ठरवू द्या आणि शासनाने उष्मांक, प्रथिनं, स्वच्छता यांची तपासणी कडक ठेवावी. १९९५ पासूनच्या तीस वर्षांत वरून आलेल्या धान्याने मुलांना शाळेत आणलं. जेवण मात्र सुधारलं ते चुलीबद्दलचे निर्णय झाले तेव्हा. आदिवासी विकास खातंही २०२४ च्या अखेरपासून राळेगावच्या आमदारांकडे आहे. या बदलांची सुरुवात करायला या तालुक्याइतकी योग्य जागा दुसरी नाही.